कसबा पेठेतील विक्रीस निघालेला वाडा: तीन भेटींनंतरचा अभिप्राय

"मोक्याची जागा, दोनचौकी पेशवेकालीन हेरिटेज वाडा, पुनर्विकासास उत्तम" अशी या मिळकतीची जाहिरात होती. महापालिकेच्या वारसा यादीत नाव असलेला वाडा पुनर्विकासाला उत्तम कसा असू शकतो, हा प्रश्न ती वाचतानाच पडला होता. तरी वाडा पाहण्याची हौस जुनी असल्याने आणि खरेदीचा विचारही खरोखरच असल्याने मी तीन वेळा जाऊन आलो. पहिल्यांदा एकटा गेलो, दुसऱ्यांदा ओळखीच्या सुतारमिस्त्रींना घेऊन आणि तिसऱ्यांदा एका बांधकाम अभियंत्याबरोबर. जे पाहिले ते अशाच व्यवहाराच्या उंबरठ्यावर असलेल्यांच्या उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहीत आहे. मागितलेली किंमत येथे देत नाही, कारण तीन भेटींत ती दोनदा बदलली.

प्रथम जागेविषयी. आज आपण जिला कसबा पेठ म्हणतो ते मूळचे कसबे पुणे, मुठेच्या उजव्या तीरावरचे नदीकाठचे गाव. बाकीच्या पेठा त्याच्याभोवती पुढे वसत गेल्या. हा वाडा पेठेच्या नदीकडे उतरत जाणाऱ्या भागात आहे. बोळ इतका अरुंद, की समोरून रिक्षा आली तर दुचाकीस्वाराला कोणाच्या तरी पायरीला चिकटून उभे राहावे लागते. चारचाकी वाड्यापर्यंत येत नाही, हे दलालाने सांगितले नव्हते. 2024 मध्ये सुरू झालेल्या भुयारी मेट्रोचे कसबा पेठ स्थानक चालत जाण्याजोगे आहे, आणि माझ्यासारख्या गाडी न बाळगणाऱ्याला तेवढे पुरे.

"पेशवेकालीन" हा शब्द अर्धाच खरा आहे. दर्शनी भागावर मंगलोरी कौले आहेत आणि वरच्या सज्जाला ओतीव लोखंडाचा नक्षीदार कठडा आहे. मंगळुरास अशा कौलांचा पहिला कारखाना 1865 मध्ये निघाला, त्यामुळे समोरचे छप्पर तरी इंग्रजी अमदानीतले आहे. पहिल्या चौकाची गोष्ट मात्र निराळी. दिंडी दरवाजातून वाकून आत गेले, देवडी ओलांडली की घडीव दगडी जोत्यावर तीन बाजूंना सोपा, म्हणजे चौकाकडे उघडी ओसरी, आणि त्यावर सोळा सागवानी खांब. खांब सुरूदार, म्हणजे सुरूच्या झाडासारखे निमुळते आहेत, तळाशी दगडी तळखडे आणि माथ्याशी केळफुलाची नक्षी. वर कडीपाटाचे, म्हणजे लाकडी कड्यांवर पाट बसवलेले छत असून त्यातल्या एकाही पाटावर रंग फासलेला नाही, ही नशिबाची गोष्ट म्हणावी लागेल. भिंतीतल्या पातळ भाजीव विटा आणि चुन्याचा दर्जा पाहता हा चौक दर्शनी भागाहून बराच जुना असावा, असे अभियंत्याचे मत पडले.

माजघराच्या भिंतीच्या जाडीतूनच वर जाणारा जिना आहे. पायऱ्या उंच आणि अंधाऱ्या, वरच्या तोंडाशी लाकडी झडप. ती मिटली की माडीचा खालच्या मजल्याशी संबंध तुटतो. मी ती उचलून पाहिली तेव्हा बिजागरी कुरकुरलीसुद्धा नाही. कोणीतरी तिला अजून तेल घालते आहे. वर दिवाणखान्यात देवळ्या, फडताळे आणि महिरपी जागच्या जागी आहेत. या खोलीत दुपारी दोन वाजताही पंख्याची गरज भासली नाही. वाड्याचा एवढाच भाग पाहिला असता तर कदाचित व्यवहार त्याच दिवशी झाला असता.

परंतु मागचा चौक पाहावा लागतो, आणि या मिळकतीचा खरा हिशेब तेथेच आहे. 12 जुलै 1961 रोजी पानशेत आणि त्यापाठोपाठ खडकवासला धरण फुटले, तेव्हा मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांमध्ये शिरले. मातीच्या भिंती विरघळून असंख्य वाडे बसले. येथेही मागच्या चौकाच्या भिंती गेल्या. पुढचा चौक चढावर असल्याने वाचला. अशा घराचा भार लाकडी सांगाड्यावर असतो, खांबावर तुळई, तुळईवर कड्या. भिंत दोन खांबांमधली जागा भरते आणि घर थंड ठेवते. त्यामुळे भिंती वाहून गेल्या तरी मागचा सांगाडा तगला. पुरानंतर जी डागडुजी झाली ती मात्र लोखंडी गर्डर, शहाबादी फरशी आणि सिमेंटने, आणि पुढे कधीतरी तेच सिमेंट पहिल्या चौकाच्या भिंतींवरही कंबरेइतके चढले.

हे सिमेंटच या वाड्याचा रोग आहे. जोत्यातून वर चढणारी ओल मातीच्या आणि चुन्याच्या भिंतीतून सावकाश उडून जाते. वरून सिमेंटचा गिलावा झाला की तिला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि ती शेजारच्या लाकडात शिरते. अभियंत्याने बोटाच्या पेराने गिलावा ठोकला तर तो जागोजागी पोकळ वाजत होता. मिस्त्रींची पद्धत याहून सोपी होती. त्यांनी पिशवीतून दाभण काढले आणि भिंतीत अर्धवट गाडलेल्या खांबाच्या पायथ्याशी टोचले. ते दोन बोटे आत गेले. चौकात मोकळ्या उभ्या असलेल्या खांबावर मात्र त्याच दाभणाचे टोक टेकवताच थांबले. "उघडा आहे तो वाचला, झाकला तो गेला," एवढेच ते म्हणाले. सोळांपैकी पाच खांबांचे पाय बदलावे लागतील, वरचा भाग ठेवून खाली नव्या सागवानाचा सांधा देता येईल, असा त्यांचा अंदाज आहे. सिमेंट उतरवून चुन्याचा गिलावा करणे, मागचे गंजलेले गर्डर काढणे आणि पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर नेणे ही कामे वेगळी. चुन्याचे काम जाणणारे गवंडी पुण्यात मिळतात, पण ते आपल्या सवडीने येतात.

आता नियमांविषयी, कारण जाहिरातीतील "पुनर्विकासास उत्तम" या शब्दांना भुलून कोणी इसार देऊ नये. वारसा यादीत वाडा तिसऱ्या श्रेणीत आहे. पहिल्या श्रेणीच्या वास्तूला जवळजवळ हात लावता येत नाही, दुसरीत आतले बदल तपासून मंजूर होतात, तिसरीत आतबाहेर दोन्हीकडे बरीच मोकळीक असते. परंतु परवानगी तिन्ही श्रेणींना लागते, आणि तिसऱ्या श्रेणीचा वाडाही आपल्या मर्जीने पाडता येत नाही. शिवाय मोजणी केली तर मिळकत शनिवारवाड्याच्या तीनशे मीटरच्या आत येते. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून पहिल्या शंभर मीटरमध्ये नव्या बांधकामाला 2010 च्या कायदेदुरुस्तीने बंदी आहे आणि त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये ना-हरकत घ्यावी लागते. हा वाडा या दुसऱ्या पट्ट्यात आहे. राहण्यासाठी, डागडुजीसाठी घेणाऱ्याला हे नियम त्रासदायक असले तरी जाचक नाहीत. मजले चढवण्याच्या हिशेबाने घेणाऱ्याचे गणित मात्र पहिल्याच पानावर चुकते. विक्रेत्यांनी दर लावला आहे तो याच दुसऱ्या ग्राहकाला समोर ठेवून, मोकळ्या भूखंडाचा, आणि माझा मुख्य आक्षेप तोच आहे.

कागदपत्रांची अवस्था मध्यम आहे. मिळकत पत्रिकेवर आजोबांच्या नावानंतर सात वारसांची नोंद आहे; त्यांपैकी दोघांची हक्कसोडपत्रे दाखवण्यात आली, एकाचे "येत आहे" असे पहिल्या भेटीपासून सांगितले जात आहे. मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल मी स्वतःच्या वकिलांकडून काढून घेतला आणि तसाच सल्ला इतरांना देईन.

जाहिरातीत उल्लेख नसलेली आणखी एक बाब म्हणजे मागच्या चौकातील दोन जुने भाडेकरू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण असलेली ही कुटुंबे आहेत आणि वाडा त्यांच्यासह विकला जाणार आहे. त्यांतल्या आजींनी मला आडाच्या कट्ट्यावर बसवून पाणी दिले आणि विचारले, "तुम्ही वाडा बघायला आलात की जागा?" मी वाडा म्हटल्यावर त्यांनी न्हाणीशेजारच्या कोनाड्यात पुराच्या पाण्याची खूण दाखवली. ती माझ्या खांद्याच्याही वर होती. झडपेच्या बिजागरीला तेल त्याच घालतात, हेही तेव्हाच कळले. खरेदीदाराने त्यांना अडचण म्हणून मोजण्याऐवजी त्यांच्याशी आधी बोलावे, कारण छप्पर कुठे गळते हे मालकांपेक्षा त्यांना अधिक ठाऊक आहे.

शेवटी व्यवहाराचे काय झाले ते सांगतो. पाच खांबांचा, चुन्याच्या कामाचा आणि मागच्या छताचा अंदाजपत्रकी खर्च वजा करून, सातही वारसांच्या सह्यांची अट घालून मी लेखी देकार दिला. दलालांचा दूरध्वनी दुसऱ्याच दिवशी आला. एवढ्या पैशात वाडा मागता, नुसते खांब, दिंडी आणि कडीपाट काढून विकले तरी याहून फार कमी येणार नाही, असे त्यांनी हसत सांगितले. जुन्या वाड्यांच्या सागवानाला बंगल्यांच्या सजावटीसाठी गिऱ्हाईक असते हे खरेच आहे, त्यामुळे मी ते बोलणे गमतीवारी नेले नाही. तिसऱ्या भेटीत पहिल्या चौकातील खांबांवर एक ते सोळा असे खडूने आकडे घातलेले होते. पहिल्या दोन भेटींत ते नव्हते. मी त्यांची छायाचित्रे महापालिकेच्या हेरिटेज कक्षाकडे अर्जासोबत पाठवली आहेत, आणि माझा देकार आजही कायम आहे.