सारेगामा कारवाँ : एका कंपनीच्या कोठारातली चित्रपटगीते

सारेगामा कंपनीने २०१७ साली बाजारात आणलेल्या 'कारवाँ' या यंत्राची परीक्षणे आजवर प्रामुख्याने आईवडिलांना द्यायची भेटवस्तू म्हणून झाली आहेत, आणि त्या अंगाने आता नवीन सांगण्यासारखे थोडेच आहे. जुन्या ट्रान्झिस्टरच्या धाटणीची पेटी, फिरवायच्या खुंट्या, आधीच भरलेली पाच हजार हिंदी गाणी, एफएम आणि एएम रेडिओ, ब्लूटूथ, पेन ड्राइव्हसाठी खाच आणि एकदा विद्युतभारित केल्यावर सुमारे पाच तास चालणारी बॅटरी, एवढ्यात त्याचे वर्णन संपते. इंटरनेट लागत नाही, जाहिराती येत नाहीत आणि आवाज मध्यम आकाराच्या खोलीला पुरेसा आहे. प्रस्तुत परीक्षण मात्र वेगळ्या ग्राहकासाठी आहे. लोकप्रिय संस्कृतीचा, विशेषतः चित्रपटसंगीताचा, अभ्यास करणाऱ्या किंवा तो विषय महाविद्यालयात शिकवणाऱ्या माणसाने हे यंत्र विकत घ्यावे का, आणि घेतल्यास त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहावे, हा येथील प्रश्न आहे.

पहिली गोष्ट ध्यानात ठेवायची ती ही की, कारवाँ हा हिंदी चित्रपटगीतांचा संग्रह नसून एका कंपनीच्या मालकीच्या ध्वनिमुद्रणांतून केलेली निवड आहे. आजची सारेगामा म्हणजे पूर्वीची ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया. कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याच्या चित्रामुळे 'एचएमव्ही' म्हणून घरोघरी ओळखली गेलेली. चित्रपट बोलू लागल्यानंतर पहिली तीनेक दशके हिंदी गाण्यांच्या तबकड्यांचा व्यवसाय प्रामुख्याने याच कंपनीच्या हाती होता, त्यामुळे १९४० ते १९६० च्या दशकांपुरती तिची मालमत्ता आणि लोकांची स्मृती जवळजवळ एकमेकींवर बसतात. त्या काळातील एखादे गाजलेले गाणे यंत्रात सापडले नाही असे क्वचितच घडते, आणि म्हणूनच ऐकणाऱ्याला आपण 'सगळेच' ऐकतो आहोत असा भास होतो.

१९७० च्या दशकात हा भास टिकत नाही. 'शोले' (१९७५) आणि 'कुर्बानी' (१९८०) यांचे संगीत पॉलिडॉर या प्रतिस्पर्धी कंपनीने काढले होते. 'शोले'च्या तर संवादांचीही तबकडी निघाली आणि ती अफाट खपली. पुढे टी-सीरिजने स्वस्त कॅसेटींच्या बळावर बाजार फिरवला आणि 'कयामत से कयामत तक' (१९८८), 'आशिकी' (१९९०) यांची गाणी सारेगामाच्या वहीबाहेर राहिली. परिणामी हे यंत्र सलग ऐकणाऱ्या विद्यार्थ्याला असे वाटण्याचा धोका आहे की हिंदी चित्रपटसंगीताचा बहर सत्तरीनंतर हळूहळू ओसरला. त्याचे प्रत्यक्ष कारण गाण्यांच्या दर्जात शोधण्याऐवजी हक्कांच्या कराराच्या कागदांत शोधावे लागते. संगीत-अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या उत्तर भारतातील कॅसेट-संस्कृतीच्या अभ्यासात एका कंपनीची मक्तेदारी कशी मोडली आणि त्यामुळे प्रादेशिक, धार्मिक व स्थानिक संगीताला कशी वाट मिळाली याचे विवेचन आहे. त्या अभ्यासाच्या शेजारी कारवाँ ठेवले, तर मक्तेदारीच्या काळाची स्मृती किती देखण्या वेष्टनात पुन्हा विकली जाऊ शकते हे वर्गात एका तासात दाखवता येते.

यंत्राची सर्वांत बोलकी जागा म्हणजे कलावंतांची खुंटी. ती फिरवली की लता मंगेशकर, महंमद रफी, किशोर कुमार, आशा भोसले, मुकेश अशी नावे येतात, आणि त्यांच्यासोबत संगीतकार व गीतकारही येतात. गाणे शोधण्याची नैसर्गिक रीत म्हणजे गायकाच्या नावाने शोधणे, असे हे यंत्र गृहीत धरते. तसे ते नेहमीच नव्हते. १९०२ साली कोलकात्यात ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग यांनी गायिका गौहर जान यांचा आवाज मुद्रित केला, तेव्हा गायनाच्या शेवटी 'माय नेम इज गौहर जान' असे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले, कारण तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे बनत आणि तेथील कारागिरांना आवाज कोणाचा हे कळण्याचा तोच खात्रीचा उपाय होता. म्हणजे आरंभी नाव होते, पण ते कारखान्याच्या सोयीसाठी. पार्श्वगायन रूढ झाल्यावर ते नावही मागे पडले. 'महल' (१९४९) मधील 'आयेगा आनेवाला' या गाण्याच्या मूळ तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' असे छापलेले होते, आणि कामिनी हे तर चित्रपटातील पात्राचे नाव. ऐकणारे जेव्हा हा आवाज कोणाचा म्हणून चौकशी करू लागले, तेव्हा कुठे लता मंगेशकर हे नाव पुढे आले. फिल्मफेअरने पार्श्वगायनासाठी पुरस्कार देण्यास आरंभ केला तो १९५९ साली, १९५८ च्या चित्रपटांसाठी, आणि पहिला पुरस्कार 'मधुमती'तील गाण्यासाठी लताबाईंनाच मिळाला. कारखान्याच्या खुणेपासून पात्राच्या नावापर्यंत आणि तेथून स्वतःच्या नावापर्यंतचा हा प्रवास अर्धशतकाहून मोठा आहे. यंत्राची खुंटी त्याचा केवळ शेवटचा टप्पा दाखवते, आणि तोच पहिल्यापासून होता असे भासवते. चितळकर या नावाने गाणारे आणि सी. रामचंद्र या नावाने चाली देणारे एकच गृहस्थ होते, यासारख्या गोष्टी अशा मांडणीत अभ्यासकाने स्वतःच लक्षात ठेवाव्या लागतात.

खुंटीवर जे येत नाहीत त्यांची यादी याहून मोठी आहे. वाद्यमेळाची रचना करणारे संयोजक आणि वादक तेथे नाहीत. शंकर-जयकिशन यांच्या असंख्य गाण्यांचा वाद्यमेळ सेबास्टियन डिसोझा यांनी रचला. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल यांना पाश्चात्त्य संगीताचे धडे देणारे अँथनी गोन्साल्विस हे गोव्यातील माजोर्ड्याचे. 'अलबेला' (१९५१) च्या वेळी सी. रामचंद्र यांच्यासोबत काम करणारे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट हेही गोंयकारच. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेल्या या पिढीने मुंबईच्या ध्वनिमुद्रण-गृहांत जे काम केले, त्यावर ग्रेगरी बूथ यांनी वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. यंत्र बनवणाऱ्या कंपनीकडून संयोजकांसाठी वेगळे दालन मागणे कदाचित अवाजवी ठरेल, परंतु ही नावे वगळून तयार झालेली ऐकण्याची सवय हाच मुळी अभ्यासाचा विषय आहे.

'स्पेशल्स' या विभागाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. आनंद, दुःख, प्रणय अशा मनोवस्थांनुसार आणि गझल, कव्वाली अशा प्रकारांनुसार गाणी लावता येतात. स्वयंपाक करताना ऐकायला ती सोय बरी आहे. परंतु मनोवस्था आणि संगीतप्रकार एकाच रांगेत मांडल्यामुळे वर्गीकरण म्हणून त्याला अर्थ राहत नाही. संगीतशास्त्रज्ञ डॉ. अशोक दा. रानडे यांनी आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा संगीतकोटी, म्हणजे संगीताचे प्रवर्ग, मांडल्या आणि पुढे २००६ साली हिंदी चित्रपटगीतांवर स्वतंत्र इंग्रजी ग्रंथ लिहिला. गाणे कोणासाठी, कोणत्या प्रसंगी आणि कोणत्या माध्यमातून येते यावर त्यांचा भर होता. कारवाँच्या मांडणीत प्रसंगच नाहीसा होतो. चित्रपटातील भुताच्या आभासाचे गाणे आणि विरहाचे गाणे शेजारीशेजारी वाजतात, आणि पडद्यावर ते कशासाठी होते हे सांगणारे काहीच सोबत उरत नाही.

याउलट 'गीतमाला' हा विभाग एकट्याच्या बळावर या यंत्राची किंमत वसूल करून देतो. अमीन सायानी यांच्या निवेदनासह वर्षावर्षांची गाजलेली गाणी येथे ऐकायला मिळतात, आणि २० फेब्रुवारी २०२४ रोजी सायानी यांचे निधन झाल्यानंतर या ध्वनिमुद्रणांना दस्तऐवजाचे मोल आले आहे. त्यामागची कथा मराठी वाचकाला विशेष जवळची आहे. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे कट्टर पुरस्कर्ते असलेल्या या मराठी मंत्र्यांनी आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना कात्री लावली. त्यातच गाण्याआधी चित्रपटाचे नाव उच्चारणे म्हणजे जाहिरात, अशी भूमिका आकाशवाणीने घेतल्याने निर्मात्यांशी वाद झाला आणि गाणी जवळजवळ बंदच पडली. श्रोत्यांनी सरळ शेजारच्या श्रीलंकेतील रेडिओ सिलोन लावला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तेथे 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि बुधवारची संध्याकाळ देशभर राखीव झाली. आकाशवाणीला १९५७ साली विविध भारती सुरू करावी लागली, तीही याच ओढाताणीतून. अभिरुची घडवू पाहणाऱ्या शासनाला अभिरुचीने दिलेले हे उत्तर इतके सुस्पष्ट आहे की लोकसंस्कृतीच्या अभ्यासक्रमात त्याला पहिल्या आठवड्यातच जागा मिळावी.

येथेही दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. यंत्रातील निवेदन म्हणजे १९५० च्या दशकातील मूळ प्रसारण नव्हे. मागे वळून पाहत नंतर सादर केलेली ती मालिका आहे. त्यामुळे तिच्यात जो स्मरणरंजनाचा सूर आहे तो १९५३ च्या श्रोत्याने ऐकलेला नाही, आणि प्रायोजक असलेल्या बिनाका टूथपेस्टची जाहिरात, जी मूळ कार्यक्रमाच्या अर्थकारणाचा पाया होती, ती येथे ऐकू येत नाही. दुसरे असे की, गीतमालेची क्रमवारी तबकड्यांच्या दुकानांतील विक्री आणि श्रोतासंघांच्या पत्रांवरून ठरत असे. तेव्हाच्या बिहारमधील (आता झारखंड) झुमरी तलैयासारख्या गावाचे नाव फर्माइशींमुळे देशाला ठाऊक झाले ते त्याच संस्कृतीतून. म्हणजे ज्या कंपनीच्या तबकड्या सर्वाधिक खपत, तिच्या गाण्यांनी बनलेली क्रमवारी आज त्याच कंपनीच्या यंत्रात वाजते. विद्यार्थ्यांना एखाद्या वर्षाची गीतमालेची वार्षिक यादी आणि यंत्रातील त्या वर्षाची गाणी ताडून पाहायला लावली, तर चर्चेला भरपूर सामग्री मिळते.

संदर्भसाधन म्हणून पाहता सर्वांत मोठी उणीव ही की मूळ मॉडेलमध्ये हवे ते गाणे थेट लावता येत नाही. कलावंत निवडायचा आणि पुढे-मागे करत राहायचे. नंतरच्या काही महागड्या मॉडेलांना मोबाइल ॲप जोडून ही अडचण दूर केली आहे, आणि अध्यापनासाठी तेच घ्यावे. नेमकी माहिती हवी असल्यास कानपूरच्या हरमंदिर सिंह 'हमराज़' यांनी दशकवार संपादित केलेला 'हिंदी फिल्म गीत कोश' हाताशी असल्यावाचून गत्यंतर नाही, कारण तेथे चित्रपटनिहाय गाणी, गायक, गीतकार आणि तबकडीचे क्रमांक मिळतात. शिवाय यंत्रात वाजते ती तबकडीची आवृत्ती. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटेच मावत, त्यामुळे पडद्यावर असलेली कडवी तबकडीवर गाळली जात किंवा गाणे दोन बाजूंवर विभागले जाई. चित्रपट पाहिल्याशिवाय केवळ कारवाँवरून गाण्याच्या रचनेविषयी विधान करणे धोक्याचे आहे.

तबकडीने प्रसारणाला मागे सारल्याचे उदाहरण मराठीतही आहेच. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ पासून वर्षभराहून थोडा अधिक काळ दर आठवड्याला झालेल्या गीतरामायणात छप्पन्न गीते होती आणि ती माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके अशा अनेकांनी गायली. तबकड्यांवर ती सुधीर फडके यांच्या एकट्याच्या आवाजात आली, आणि आज बहुतेकांच्या कानांत तोच आवाज आहे. कंपनीने कारवाँची मराठी आवृत्तीही काढली आहे. ती घेणाऱ्याने भावगीत आणि चित्रपटगीत यांची श्रीमंती अवश्य अनुभवावी, परंतु महाराष्ट्रातील भीमगीते, कोळीगीते आणि जत्रेतील भक्तिगीते यांचा मोठा भाग लहानमोठ्या इतर कंपन्यांच्या कॅसेटींवरून पसरला, हे विसरून त्या निवडीला मराठी लोकप्रिय संगीताचा नकाशा समजू नये.

बाजारात आले तेव्हा या यंत्राची किंमत सहा हजार रुपयांच्या आसपास होती. घरी ऐकण्यासाठी ती वाजवी आहे. महाविद्यालयाच्या विभागाने घेण्यासही हरकत नाही, विशेषतः गीतमालेसाठी. एकट्या संशोधकाने मात्र आधी गीत कोशाचे खंड मिळवावेत आणि मग हा खर्च करावा. खरेदी करताना पेन ड्राइव्हची खाच असलेलेच मॉडेल मागून घ्यावे, कारण 'शोले'पासून भीमगीतांपर्यंत जे काही या पाच हजारांत नाही, ते त्या पेटीतून ऐकायचे तर त्याच खाचेतून आणावे लागेल.