गाडी विकली, नाव माझंच राहिलं

२०२३ च्या पावसाळ्यात मी माझी स्विफ्ट विकली. पुढच्या वर्षी त्या गाडीनं बारामती रस्त्यावर एका दुचाकीस्वाराला उडवलं आणि मोटार अपघात दावा प्राधिकरणाची नोटीस माझ्या सांगलीच्या पत्त्यावर आली. सामनेवाला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध दावा तो, क्रमांक एक मी, क्रमांक दोन गाडी चालवणारा. माझ्याकडून गाडी घेऊन गेलेल्या माणसाचं नाव त्या कागदावर कुठंच नव्हतं.

तो आला होता ओळखीच्या गॅरेजवाल्यामार्फत. सोबत बायको होती. मुलीला कॉलेजला जायला गाडी पाहिजे म्हणाला. चारचौघांसारखीच घासाघीस केली, इसार दिला, उरलेली रक्कम बँकेत भरली. शंभराच्या स्टँपवर नोटरी, ताबा पावती, आधारची झेरॉक्स, सगळं रीतसर. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या आरटीओच्या फॉर्म २९ आणि ३० वर माझ्या सह्या घेतल्या, पण खरेदीदाराचा रकाना कोरा ठेवला. "आधारवरचा पत्ता बदलायला टाकलाय साहेब, तो आला की आमचा एजंट भरेल. आठवड्यात गाडी नावावर." आमच्या भागात कितीतरी गाड्या अशाच विकल्या जातात, त्यामुळं कुणाला यात वावगं वाटत नाही. हे लोक नेमका त्याचाच फायदा घेतात.

मुलीचं कॉलेज ही थाप होती. हा माणूस जुन्या गाड्यांची दलाली करणारा. गाडी स्वतःच्या नावावर केली की आरसीवर मालकांचा आकडा एकानं वाढतो, 'फर्स्ट ओनर' सांगून मिळणारा भाव पडतो आणि फी जाते ती वेगळीच. त्यापेक्षा विकणाऱ्याच्या सहीचे कोरे फॉर्म डिक्कीत ठेवायचे आणि गाडी पुढं सरकवायची. पुढचाही तेच करतो. कागदावर मालक एक, चावी चौथ्याच्या हातात. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. अशा डीलरला गाडी देताना फॉर्म २९-सी भरून आरटीओला कळवलं की गाडीची जबाबदारी त्याच्यावर जाते. म्हणून तर ही मंडळी दुकानाची पाटी लावून येत नाहीत, घरगुती गिऱ्हाईक होऊन येतात!

पहिली खूण फास्टॅगनं दिली. खेड शिवापूर टोलचे पैसे माझ्या खात्यातून कापले गेले. फोन केला तर म्हणाला, "टॅग काढायचा राहिला हो," आणि लगेच पैसे पाठवले. इतका सरळ माणूस, असंच वाटलं. पुढं समोरच्या वकिलांनी तोच टोल माझ्याविरुद्ध मांडला. टॅग यांच्या खात्याचा, मग गाडी यांची नाही कशी?

मधल्या काळात वेगमर्यादेचे ई-चलन येत राहिले आणि त्याचा फोन लागेनासा झाला. मग एके दिवशी पोलीस ठाण्यातून फोन आला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे गाडी कोण चालवत होता ते पोलिसांना सांगणं मालकाचं काम, आणि त्यांच्या दृष्टीनं मालक मी. ताबा पावती दाखवली तर हवालदार म्हणाले, "नोटरी ठेवा साहेब, आरटीओत नाव कुणाचं ते सांगा."

हवालदारांचं म्हणणं कायद्याला धरूनच होतं. कलम २(३०) प्रमाणे ज्याच्या नावावर नोंदणी तो मालक. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये एका मारुती गाडीच्या प्रकरणात हेच सांगितलं. मूळ मालकानं ती २००७ मध्ये विकली होती, त्यानंतर ती हातोहात फिरली आणि २००९ मध्ये अपघात झाला. तरी भरपाईची जबाबदारी नोंदीत नाव असलेल्या पहिल्या मालकावरच आली. जखमी माणसानं मालकांच्या साखळीमागं धावत बसू नये, हा त्यामागचा विचार. तो मला पटतो, भोगायला लागत असलं तरी.

विमा चालू असता तर बरंच निभावलं असतं. गाडी विकली की थर्ड पार्टी विमा कलम १५७ प्रमाणे नव्या मालकाकडं गेल्याचं धरलं जातं. माझी पॉलिसी विक्रीनंतर काही महिन्यांनी संपली आणि पुढच्या कुणीच ती भरली नाही.

फसवणुकीची तक्रार द्यायला गेलो तर 'हा दिवाणी व्यवहार आहे' असं ऐकायला मिळालं. लेखी अर्ज देऊन पोच घेतली, एवढंच. आधारवरचा पत्ता भाड्याच्या खोलीचा निघाला, खोली केव्हाच सोडलेली. ताबा पावतीवर तारीख होती, वेळ नव्हती, त्यामुळं त्याच दिवसाच्या एका चलनावरूनही वाद. वकिलांनी त्याला आणि त्याच्या पुढच्या खरेदीदाराला पक्षकार करण्याचा अर्ज दिलाय. भरपाई माझ्यावर आली तर ती त्यांच्याकडून वसूल करायला वेगळं भांडण.

विकणाऱ्यानं १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं, असं कलम ५० सांगतं. त्यामुळं खरेदीदाराच्या एजंटवर न सोडता परिवहन पोर्टलवर अर्ज आपल्या डोळ्यांसमोर भरून घ्या. खरेदीदाराचं नाव-पत्ता भरल्याशिवाय सही करू नका. अर्ज क्रमांक आणि फीची पावती हातात आल्यावरच चावी द्या. "पत्ता बदलायचाय" म्हणाला तर पत्ता बदलून ये म्हणावं, गाडी कुठं पळून जात नाही. भरलेल्या फॉर्म २९ ची प्रत स्पीड पोस्टानं आरटीओला पाठवली तर पुरावा राहतो, पण तेवढ्यानं नोंदीतलं नाव बदलत नाही. फास्टॅग त्याच दिवशी बंद करा. ताबा पावतीवर वेळ आणि किलोमीटरचा आकडाही घाला.

आणि दोन-तीन वर्षांपूर्वी गाडी विकली असेल तर एम-परिवहन ॲपवर तिचा नंबर टाकून बघा. मालकाच्या नावाची काही अक्षरं झाकलेली असतात, पण आपलं नाव ओळखू येतंच. विम्याची मुदतही तिथंच दिसते. नाव अजून तुमचंच आणि विमा संपलेला दिसला तर खरेदीदाराला आजच गाठा. तो टाळाटाळ करायला लागला तर ताबा पावती जोडून आरटीओ आणि पोलीस ठाणे दोन्हीकडं लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.