६० मीटरचा रोप, आठ महिन्यांनंतर

गेल्या जूनमध्ये रॅपलिंगसाठी, म्हणजे दोरावरून कडे-धबधबे उतरायला, १०.५ मिमीचा, ६० मीटरचा सेमी-स्टॅटिक (कमी ताणला जाणारा) नायलॉन रोप घेतला. आठ हजारांच्या आसपास गेले. तेव्हापासून पावसाळ्यात विहीगावचा धबधबा चार वेळा, दोधाणीचा एकदा आणि डिसेंबरनंतर सांधणची घळ दोनदा झाली. आता बोलायला हरकत नाही.

आधी तक्रार. रोप आटतो. नायलॉन भिजून सुकला की आखडतो, हे कानावर होतं; पण आणला त्याच संध्याकाळी दर दहा मीटरवर काळ्या मार्करने खुणा करून मोकळा झालो. दुकानदारही चकार शब्द बोलला नाही. कोरड्या कड्यावर रोपाच्या टोकाला गाठ मारतात, धबधब्याखाली डोह असेल तर नाही. वरून पाण्याचा मारा आणि डिसेंडर (रोपावरून उतरताना वेग आवरणारं साधन) गाठीत अडकलेला, म्हणजे सुटायची सोयच नाही. म्हणून टोक पाण्याला जेमतेम टेकेल एवढाच रोप सोडायचा. तिसऱ्या खेपेला विहीगावला धबधब्याचे साधारण १२० फूट आणि वर अँकरपर्यंतचं (रोप बांधायच्या जागेपर्यंतचं) अंतर असा हिशोब धरून ४० च्या खुणेवर रोप बांधला, आणि पहिला गडी शेवटचे पाच फूट रोपाविनाच डोहात! खाली छातीभर पाणी होतं म्हणून हसण्यावारी गेलं. घरी गच्चीवर टेप लावला तर ६० चे साडेसत्तावन्न भरले. नवा रोप घेणाऱ्यांनो, आधी रात्रभर बादलीत भिजवा, सावलीत सुकवा, मग खुणा करा.

बाकी माल दणकट. सांधणच्या कातळाच्या धारेवर घासून एके ठिकाणी शीथ (रोपाचं बाहेरचं विणलेलं आवरण) केसाळ झालीय, पण तिथे रोप दुमडून चिमटीत दाबला तर आतला कोअर (वजन पेलणारा गाभा) सगळीकडे सारखाच घट्ट लागतो. मऊ पडला असता तर तिथेच कापला असता. एटमुळे (इंग्रजी 8 च्या आकाराचा डिसेंडर) पीळ मात्र फार पडतो आणि हल्ली रोप वेटोळं करताना तारेसारखा वागतो.

खरा वैताग सुकवण्याचा. कोरडा चार किलोचा रोप भिजला की पाठीवर कळतो. तांबडी माती शीथमध्ये शिरून आतून धागे कापते, म्हणून प्रत्येक ट्रिपनंतर साध्या पाण्यात तीन बादल्या. मग जुलैत हॉलभर दांड्यांवर, पंख्याखाली, चार दिवस. आई त्याला अजगर म्हणते.

आता लाल रंगात नव्या खुणा केल्यात. जुन्या काही पुसत नाहीत. त्यामुळे अँकर लावणाऱ्याला दर वेळी ओरडून सांगावं लागतं, लाल बघ रे, काळी नको.