बाँडचे डोळे ओले हवेत की कोरडे? १९६९ की २००६, कोणता लावायचा

कोल्हापुरात बाँडच्या चाहत्यांची बैठक बसली की दोन तट पडतातच. एकाचं म्हणणं, "गुप्तहेर रडायला लागला की संपला, भावा." दुसऱ्याचं म्हणणं, ज्याच्या काळजात काही हलत नाही त्याचं जगणं-मरणं आपण कशाला बघायचं? हा वाद चित्रपट लावल्याशिवाय पुढं सरकत नाही. लावावेत असे दोनच आहेत: १९६९ चा 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस' आणि २००६ चा 'कॅसिनो रॉयल'. पहिला १४२ मिनिटांचा, दुसरा १४४. जेवणं उरकून बसलात तर एकच होतो, म्हणून निवड आली. (खाली दोन्हींचे शेवट सांगितले आहेत.)

'कॅसिनो रॉयल'ची बाजू लंगडी अजिबात नाही. जिन्यातल्या मारामारीनंतर बाँडची प्रेयसी वेस्पर कपड्यांसकट शॉवरखाली बसून असते, हातावरचं रक्त जात नाही असं तिला वाटतंय. बाँड झालेला डॅनियल क्रेग येतो, अंगावरच्या कपड्यांनिशी शेजारी बसतो, तिची बोटं ओठांत धरतो, थंडी वाजतेय का विचारतो आणि पाणी जरा गरम करतो. एवढंच. कठोर माणसानं भावना दाखवाव्यात का, असं विचारणाऱ्याला हा प्रसंग दाखवला की पुष्कळ काम होतं.

पण तोच चित्रपट पुढं बोलायला लागतो, आणि माझं घोडं तिथंच अडतं. छळातून बरा होत असलेला बाँड वेस्परला सांगतो की माझ्या अंगावरचं चिलखत तूच उतरवलंस, आता उरलोय तो तुझा. शॉवरखाली जे कळलं होतं तेच पुन्हा तोंडानं. व्हेनिसमध्ये ती बुडून गेल्यावर तिनं दगा का दिला, हे बाँडची वरिष्ठ एम फोनवर उलगडून सांगते. कथेला तो खुलासा लागतो हे मान्य, तरी आपण स्वतः काही ओळखायला जागा राहत नाही. खासबागेत कुस्ती बघणाऱ्याला पैलवान दमला हे कुणी सांगावं लागत नाही, तो पाय बघतो. एकदा हे खटकलं की दर वेळी खटकतं. कदाचित हा माझ्या आवडीचा भाग असेल, पण निवड त्यानंच ठरली.

१९६९ च्या शेवटाकडं या. लग्न होऊन निघालेल्या गाडीवर गोळ्या झाडल्या जातात, बाँडची नवी नवरी ट्रेसी जाते. पोलीस थांबतो तेव्हा बाँड झालेला जॉर्ज लेझनबी तिला कुशीत धरून त्याला सांगतो की ती जरा विसावलीय, घाई काही नाही, आमच्याजवळ वेळच वेळ आहे. लेझनबीनं नंतर सांगितलंय की पहिल्या टेकला त्याचे डोळे खरोखर भरून आले होते; दिग्दर्शक पीटर हंट म्हणाला, बाँड रडत नाही, आणि कोरडा टेक ठेवला. हंट आधीच्या बाँडपटांचा संकलक, काय कापायचं हे त्याला पक्कं ठाऊक. रडला असता तर आपण त्याची कीव केली असती. तो नाकारतोय, म्हणून भार आपल्यावर येतो. 'न रडणारा' बाँड मागणारे हा प्रसंग आपल्या बाजूचा समजतात, पण सगळ्या मालिकेत याहून जास्त भावना मला कुठंच दिसत नाही.

"मुळातला बाँड दगडच होता" हा मुद्दाही टिकत नाही. बाँडचा मूळ लेखक फ्लेमिंगच्या १९५३ च्या पहिल्याच कादंबरीत वेस्परच्या मृत्यूनंतर त्याचे डोळे ओले होतात, तो ते पुसतो, आणि मग तिच्याबद्दलचं ते कडवट शेवटचं वाक्य फोनवर बोलतो.

आता १९६९ मधल्या अडचणी, कारण नवख्यांना त्या बोचतील. बाँड सर हिलरी ब्रे नावाच्या माणसाचं सोंग घेऊन पिझ ग्लोरियावर, म्हणजे खलनायकाच्या डोंगरमाथ्यावरच्या अड्ड्यावर जातो तो सगळा वेळ आवाज दुसऱ्या नटाचा, जॉर्ज बेकरचा आहे, डब केलेला. आधी सांगून ठेवा, नाहीतर लोक तेवढ्यावरच हसतात. तिथला मधला भाग लांबतोही. चहा तेव्हा करा. लुई आर्मस्ट्राँगचं गाणं मात्र कुणाला पुढं ढकलू देऊ नका. शेवटचं वाक्य त्याच गाण्याचे शब्द आहेत, गाणं गाळलं तर शेवट पोकळ पडतो. हिमवादळात गोठ्यात बाँड लग्नाचं विचारतो, तो प्रसंगही तसाच ठेवा. आणि रिमोट हातात असू द्या: काचेवरच्या गोळीच्या भोकानंतर श्रेयनामावलीवर बाँडचं नेहमीचं संगीत दणक्यात सुरू होतं आणि झालेला परिणाम धुऊन नेतं. आवाज आधीच बंद करा.

दुसऱ्या दिवशी १९७१ चा पुढचा चित्रपट लावून दुःखाची वाट बघू नका. कादंबऱ्यांत ट्रेसीच्या मृत्यूनंतर १९६४ च्या पुस्तकात बाँड पार कोलमडलेला आहे. चित्रपटवाल्यांनी तीच कथा १९६९ च्या आधीच, १९६७ ला उरकली होती. त्यामुळं शोकाला जागाच राहिली नाही, आणि १९७१ मध्ये ट्रेसीचं नावही निघत नाही. १९८१ च्या 'फॉर युअर आईज ओन्ली'ची सुरुवात तिच्या थडग्यापाशी होते. हवी तर तेवढी लावा.

समोर शाळकरी पोरं असतील किंवा बाँड पहिल्यांदाच बघणारे असतील, तर २००६ चाच लावा. त्यात वेग आहे आणि आधीचं काही माहीत असावं लागत नाही. चार बाँडपट बघून वाद घालणारी मंडळी असतील तर १९६९.