रेझ्युमे तपासायला दिला, त्याची गोष्ट

अकरा वर्षं एकाच गोदामात काढली. मागचा रेझ्युमे केला तेव्हा मी माल मोजणारा पोरगा होतो, आता स्टोअर्स सांभाळतो. नव्या अर्जासाठी दोन रात्री बसून इंग्रजीत दोन पानं लिहिली, दहा वेळा वाचली. तरी धाकधूक होतीच, म्हणून पैसे भरून एका ऑनलाइन सेवेकडे तपासायला दिली.

दुसऱ्या दिवशी वर्डची फाइल परत आली, ट्रॅक चेंजेसने, म्हणजे प्रत्येक बदल दाखवणाऱ्या खुणांनी, रंगलेली. पहिलीच खूण माझ्या हुद्द्यावर. ‘मॅनेजर’च्या स्पेलिंगमधला दुसरा ‘ए’ गळला होता आणि जे उरलं त्याचा इंग्रजीत अर्थ होतो गुरांची गव्हाण! शब्द खरा, त्यामुळे स्पेलचेकला काहीच खटकलं नाही. मला तर दहाही वेळा तिथे मॅनेजरच दिसला. या एका खुणेत माझे पैसे वसूल झाले.

बाकी चुका किरकोळ, पण लाज आणणाऱ्या. एका नोकरीपुढे ‘मार्च 2014’, दुसरीपुढे नुसते आकडे. आत्ताचं काम भूतकाळात लिहिलेलं, जणू राजीनामा देऊन बसलोय. हौसेनं केलेले दोन रकानेही त्यांनी मोडायला लावले. समासात लिहिलं होतं, ‘पीडीएफमधला मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवून बघा.’ बघितलं. सगळ्या तारखा वर गोळा झालेल्या, कामं खाली अनाथ. अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचणार असेल तर त्यालाही असंच दिसू शकतं, हे तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

आता ‘पॉलिशिंग’, म्हणजे वाक्यं सजवून देणं. यासाठी वेगळे पैसे घेतात आणि इथेच माझी सटकली. ‘रोजची आवक नोंदवतो’ या साध्या वाक्याची त्यांनी अशी काही जरीची पैठणी केली, की मुलाखतीत कुणी अर्थ विचारला असता तर मीच गप्प बसलो असतो. त्याहून भारी म्हणजे ‘सायकल काउंट’. सगळा साठा एकदम न मोजता थोडा थोडा, पाळीपाळीने मोजतात त्याला आम्ही तसं म्हणतो. तपासनीस महाशयांनी त्याच्या सायकली केल्या! वर्षानुवर्षं मी सायकली मोजतोय, असं वाक्य तयार. कळवल्यावर माफी मागून तासाभरात बदलून दिलं, हे कबूल करतो. पण सगळे बदल एकदम मान्य करणारं ‘अ‍ॅक्सेप्ट ऑल’ दाबून मी मोकळा झालो असतो तर?

थोडक्यात, प्रूफरीडिंगला पाचपैकी साडेचार, पॉलिशला दोन. पुढच्या वेळी फक्त पहिलंच घेईन.

आणि हो, मोबाइल नंबरातले दोन आकडे मीच उलटे टाकले होते. ते त्यांना कळणार तरी कसं? पाठवण्याआधी सहज म्हणून कागदावर बघून तो नंबर फिरवला, तर पलीकडून एक आजोबा म्हणाले, “कोण पाहिजे?”