शोकलादबॉल, अराक्सबॉल की खजुराचे गोळे: ओव्हनशिवाय स्वीडिश गोड करताना कशाची निवड करावी

स्वीडनमध्ये कॉफीसोबत काहीतरी गोड खात निवांत बसण्याच्या प्रथेला ‘फीका’ म्हणतात. या फीकासाठी ओव्हनशिवाय घरी करता येणारा सर्वांत परिचित पदार्थ म्हणजे ओट्स, बटर, साखर आणि कोको यांचा गोळा, अर्थात शोकलादबॉल. आग लागत नाही आणि सुरीही लागत नाही, त्यामुळे तेथील अनेक मुले स्वयंपाकातला पहिला धडा याच गोळ्यांवर गिरवतात. दरवर्षी ११ मे हा दिवस या पदार्थाच्या नावाने साजराही होतो. मात्र तो घरी करायला घेतला की त्याच कुळातले आणखी दोन गोळे समोर येतात, केकच्या चुऱ्याचा अराक्सबॉल आणि अलीकडे रुळलेला खजुराचा गोळा. या तिघांपैकी कोणता करावा, हे आपल्या घरात काय उपलब्ध आहे आणि गोळे कोण खाणार आहे यावर ठरवावे.

शोकलादबॉलचे नेहमीचे प्रमाण असे: १०० ग्रॅम बटर, १ डेसिलिटर साखर, ३ डेसिलिटर ओट्स, ३ मोठे चमचे कोको, थोडी व्हॅनिला साखर आणि २ मोठे चमचे कडक, थंड केलेली कॉफी. एवढ्यात मध्यम आकाराचे पंधरा ते वीस गोळे होतात. स्वीडिश पाककृती डेसिलिटरमध्ये, म्हणजे १०० मिलिलिटरच्या मापाने लिहिल्या जातात; तेव्हा आपल्या वाटीत किती मावते हे एकदा पाण्याने मोजून घ्यावे. माझ्या मते या पदार्थाचे यश बटरवर अवलंबून आहे. ते बोटाने सहज दाबले जाईल इतके मऊ असावे, पण वितळलेले नसावे. वितळलेल्या बटरचे मिश्रण आधी पातळ होते आणि फ्रिजमध्ये ठेवल्यावर त्याचा घट्ट, तेलकट गोळा बनतो. आधी बटर आणि साखर एकत्र फेसून घेऊन मग बाकीचे जिन्नस घातल्यास मिश्रण एकजीव होते. भारतातील साखरेचा दाणा स्वीडनमधल्या साखरेपेक्षा जाड असतो, म्हणून ती मिक्सरमध्ये क्षणभर फिरवून बारीक करावी, मात्र तिची अगदी पिठी करू नये, कारण हलकी कुरकुर हा या गोळ्याचा स्वभावच आहे. ओट्स कच्चेच घालायचे असतात याची काळजी वाटण्याचे कारण नाही. चपटे ओट्स तयार करतानाच वाफवलेले असतात. लवकर शिजणारे बारीक ओट्स वापरल्यास गोळा मऊ होतो, जाड ओट्सने तो चावून खाण्याजोगा राहतो, आणि मला दुसरा अधिक आवडतो. वळलेले गोळे एक तर मोत्यासारख्या जाड पांढऱ्या साखरेत घोळवतात किंवा सुक्या खोबऱ्याच्या किसात. ती साखर आपल्याकडे सहज मिळत नाही, पण खोबऱ्याची निवड म्हणजे काही तडजोड नव्हे, स्वीडनमध्येही ती तितकीच रूढ आहे. लहान मुलांसाठी करताना कॉफीऐवजी दूध घालावे.

अराक्सबॉल हा मुळात बेकरीतल्या उरल्यासुरल्या केकचा सदुपयोग. चुरा, बटर, कोको आणि पिठीसाखर यांच्या मिश्रणाला अराक या मद्याचा किंवा त्याच्या अर्काचा गंध देतात आणि गोळा चॉकलेटच्या बारीक शेवयांत घोळवतात. अराकचा परिचय स्वीडनला आशियाशी झालेल्या व्यापारातून झाला. तो व्यापार करणारी स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनी १७३१ मध्ये स्थापन झाली आणि तिचे ठाणे योतेबोर्य येथे होते. घरात शिळा केक उरला असेल तर हाच पर्याय शहाणपणाचा ठरतो, पण केवळ या गोळ्यांसाठी केक विकत आणणे मला पटत नाही. शिवाय अराकच्या गंधाशिवाय त्याची ओळखच उरत नाही, त्यामुळे मुलांच्या खाऊसाठी तो मुळातच गैरसोयीचा आहे.

खजुराच्या गोळ्यात साखर आणि बटर यांच्या जागी बिया काढलेला मऊ खजूर आणि थोडे खोबरेल तेल येते. दुग्धजन्य पदार्थ न खाणाऱ्यांसाठी तो खरोखर उपयोगाचा आहे. परंतु ‘साखरविरहित’ म्हणून कोणी त्याची निवड करीत असेल, तर खजुराच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग साखरच असते हे ध्यानात घ्यावे. मधुमेह असलेल्यांसाठी हा फरक केवळ नावापुरता आहे. खजुरातला तंतुमय अंश हा मात्र त्याचा खरा लाभ. खजूर बारीक करायला मिक्सर हवाच, त्यामुळे मुलांनी एकट्याने करण्याची मौजही यात राहत नाही. महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात आणखी एक अडचण येते: खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सिअसला वितळते, तर बटर त्याहून बऱ्याच अधिक तापमानापर्यंत तग धरते. तरीही एप्रिल-मे महिन्यांत बटरचे गोळेसुद्धा पाचसहा करून झाले की मिश्रण दहा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावे आणि मग उरलेले वळावेत.

म्हणून पहिल्यांदाच करणाऱ्याने, विशेषतः मुलांना सोबत घेऊन करणाऱ्याने, बटर आणि खोबऱ्याचा शोकलादबॉल निवडावा. तो आदल्या रात्री करून झाकलेल्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवावा, कारण रात्रभरात ओट्स ओलावा शोषून घेतात आणि कोको व कॉफीची चव दुसऱ्या दिवशी अधिक भरून येते.