चामडं, नायलॉन की बायोथेन? ठाण्याच्या हवेत कुत्र्याला कुठला पट्टा घ्यावा

दुकानात पट्टा घ्यायला गेलं की आपण आधी रंग बघतो. ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्याने आधी जून ते सप्टेंबर डोळ्यांपुढे आणावा. सकाळ-संध्याकाळ बाहेर जाणाऱ्या कुत्र्याची मान या चार महिन्यांत धड सुकतच नाही. ओल्या पट्ट्याखाली केस झडतात, कातडी लाल होते, वास मारायला लागतो. गोचिडांनाही लपायला हीच जागा आवडते. म्हणून आधी पट्टा किती लवकर वाळतो ते बघा, कसा दिसतो ते मग.

दिसण्यात चामड्याला तोड नाही. इंडीच्या, म्हणजे आपल्या देशी कुत्र्याच्या, तांबूस अंगावर किंवा काळ्या लॅब्रेडॉरवर साधा तपकिरी पट्टा जितका उठून दिसतो तितकं दुसरं काहीच दिसत नाही. वापरून तो मऊ होतो आणि मानेवर बसतो. पण पावसात भिजला की फुगतो, वाळला की कडक होतो आणि कपाटात ठेवला तर आठवड्याभरात पांढरी बुरशी धरतो. उन्हात वाळवलात तर तडे जाणार. बूटपॉलिश तर नकोच, रंग मानेच्या केसांना लागतो. घेताना पट्ट्याची कापलेली कड बघा: खऱ्या चामड्यात बारीक तंतू दिसतात, रेक्झिन असेल तर मधे कापड आणि वर प्लॅस्टिकचा पापुद्रा. चामडं म्हणून रेक्झिन सर्रास खपवलं जातं, आणि त्याचे पोपडे निघायला एक पावसाळा पुरतो.

नायलॉन स्वस्त, हलकं आणि हव्या त्या रंगात मिळतं. वाढत्या पिल्लाला हेच घ्यावं, कारण पट्टा काही महिन्यांत लहान होणारच आहे. खोट त्याच्या कडांत असते. नायलॉन कापल्यावर उसवू नये म्हणून टोक जाळून बंद करतात आणि ते टोक टोकदार राहतं. मनगटाच्या आतल्या बाजूवर पट्टा घासून बघा. तुम्हाला खरचटल्यासारखं वाटलं तर त्याला दिवसभर वाटेल. आतून मऊ गादी लावलेले पट्टे हाताला छान लागतात, पण ती गादी पाणी धरून ठेवते. हिवाळ्यात ठीक, श्रावणात नको.

बायोथेन म्हणजे पॉलिस्टरची पट्टी आणि तिच्यावर प्लॅस्टिकचं आवरण. पाणी आत शिरत नाही. चिखलातून आल्यावर नळाखाली धरायचा, फडक्याने पुसायचा, झालं. वासही धरत नाही. येऊरच्या पायथ्याशी किंवा खारघरच्या टेकडीकडे कुत्र्याला मोकळं पळवणाऱ्यांनी डोळे मिटून हाच घ्यावा. नायलॉनपेक्षा महाग पडतो आणि चामड्याची ऐट त्याला नाही, हे मान्य. मला विचाराल तर रोजच्यासाठी बायोथेन, आणि फारच हौस असेल तर दिवाळीनंतर चामडं.

कुठलाही घ्या, पण बक्कल आणि कडी नीट तपासा. मुलामा दिलेलं लोखंड इथे गंजतं, आणि नेरूळ-सीवूड्सला पाम बीच रोडच्या बाजूला खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने तर लवकरच. पितळ किंवा स्टेनलेस स्टील मागा. प्लॅस्टिकचं क्लिप बक्कल छोट्या कुत्र्याला चालतं. जोरात ओढणाऱ्या जर्मन शेफर्डला धातूचं, पिनवालं. कडीजवळची शिवण दुहेरी हवी.

माप घेताना पट्ट्याखाली दोन बोटं आरामात गेली पाहिजेत. पिल्लाचं माप दर आठवड्याला बघा. मोठ्या कुत्र्याला साधारण २.५ सेंटिमीटर रुंदीचा पट्टा लागतो. अरुंद पट्टा ओढताना गळ्यात रुततो. कारवान किंवा मुधोळ हाउंडचं डोकं मानेच्या मानाने निमुळतं असतं, काही इंडींचंही. ते मागे सरकून पट्ट्यातून अलगद सुटतात, आणि फटाके वाजायला लागले की नक्कीच. त्यांना मार्टिंगेल घ्या: ओढल्यावर तो थोडा आवळतो, पण ठरावीक मापाच्या पुढे नाही. एरवी तो सैल राहतो.

सोनेरी जाड साखळीबद्दल काय बोलावं! मालकाच्या गळ्यात जशी, तशीच रॉटवायलरच्या गळ्यात. फोटोपुरती ठीक आहे. रोज घातली तर मानेवरचे केस तुटतात आणि दिवसभर वजन वागवावं लागतं ते वेगळंच. घुंगरूही तसंच, आपल्याला गोड वाटतं, पण ते त्याच्या कानाशी वाजत असतं. चमकायचंच असेल तर रिफ्लेक्टिव्ह पट्टी निवडा. घोडबंदर रोडच्या कडेने रात्री काळा कुत्रा गाडीवाल्याला दिसतच नाही.

फोन नंबर लोंबत्या बिल्ल्यापेक्षा पट्ट्यावरच रिव्हेटने ठोकलेल्या पट्टीवर असलेला बरा. बिल्ला कुठेतरी अडकून पडतो.

पग, शिह त्झू यांसारख्या चपट्या नाकाच्यांची गोष्ट वेगळी. त्यांना आधीच श्वास कमी पडतो, त्यामुळे दोरी गळ्याला लावायचीच नाही, छातीवर बसणारं हार्नेस घ्यायचं. गळ्यातला पट्टा फक्त नंबर मिरवायला उरतो. त्याच्यावर ताण येत नाही, म्हणून तिथे मखमल लावा, बो लावा, काय हवी ती हौस करा. फक्त घरी आल्यावर तो काढून मान कोरडी पुसायची.